हवेचा धंदा

टिमकीत माझं दुकान आहे. दुकान म्हणजे एक शटर,
फेब्रुवारी संपला की उघडतं, मृग लागला की अर्धं खाली.
वूड वूलच्या ताट्या भरतो, पंपातला क्षार ठोकून काढतो,
आणि दर गिऱ्हाइकाला तेच सांगतो:
काका, समोरची खिडकी उघडी ठेवत जा.
हवेला बाहेर जायला वाट नसली
तर कूलर नुसतं घर ओलं करतो.

मेडिकलच्या लांब व्हरांड्याच्या टोकाला
हेडाऊ मॅडमनी पलकच्या बरगड्यांवर हात ठेवले
आणि तेच सांगितलं.
म्हणजे खिडकीचं नाही, पण तेच:
आधी सोडायला शिकवा.
पूर्ण सोडला की घ्यायचा आपोआप येतो.
मी हसलो. नीतानं माझ्याकडे असं पाहिलं
की या माणसाला कुठं हसावं तेही कळत नाही.

पलक सात वर्षांची.
मान अजून कधी कधी तिची नसते.
हसू आलं तर हात एकीकडे, पाय कात्रीसारखे,
आणि श्वास मधेच कुठंतरी अडकून बसतो,
सायकलची चेन उतरावी तसा.

सकाळी सहा. नळ यायच्या आधी.
गुडघ्यांखाली चादरीची गुंडाळी,
पोटावर पिवळं प्लास्टिकचं बदक.
खांदे नाही वर न्यायचे, बदक न्यायचं.
बदक चढतं, थरथरतं, पडतं.
मी उचलून ठेवतो.
बदक चढतं, पडतं.

मग स्ट्रॉ. ग्लासात दोन बोटं पाणी.
पंधरा दिवस तिनं पाणी नुसतं ओढलं, ठसकली,
डोळे पांढरे केले.
"राहू द्या ना जी, काउन लेकराच्या मागं लागता?"
रात्रभर झोप नाही.
मग सुचलं. पाइपाला भोक असलं
की पंप कितीही ओढो, पाणी चढत नाही.
स्ट्रॉला वरच्या अंगाला सुईनं भोक पाडलं.
मॅडम म्हणाल्या, हे कुठं शिकलात?
म्हटलं, गंजलेल्या पंपांवर.

सोळाव्या दिवशी बुडबुडा आला.
एक.

बिलबुकाच्या मागच्या पानावर मी सेकंद लिहितो.
पुढून: निनावे, मोटर, तीनशे बाकी.
मागून: एक. एक. दीड. दोन.
जानेवारीत: ताप. ताप. कफ. ताप.
छातीत घरघर, आणि खोकायचंही बळ नाही,
नीता पाठीवर ओंजळीनं थोपटत बसलेली.
फेब्रुवारीत परत: एक.

नवतप्याची पाचवी रात्र. लाईट गेली.
गल्लीतले कूलर एकामागून एक बसले,
माझ्याच हातचे सगळे, आवाजावरून ओळखतो.
शेवटचा पात्रीकरांचा, तो घासत घासत थांबला.
मग इतकं शांत, की ताट्यांतलं पाणी टपकताना ऐकू येत होतं
आणि पलकचा श्वास.
मी पुठ्ठ्यानं वारा घालत होतो,
मधून मधून तिच्या कपाळावर फुंकर.
सात वर्षं फुंकरच घालत आलोय.
सुई टोचल्यावर. गरम वरणावर. डोळ्यात गेलेल्या कुसळावर.

तिनं तोंड जमवलं. वाटलं, रडते आता.
ओठ गोल करायला वेळ लागला,
एक कोपरा सुटला, तो परत आणला,
आणि माझ्या घामेजल्या मानेवर
काहीतरी थंड लागलं.
अर्धं कानाकडे गेलं, सोबत थुंकीचे दोन थेंब.
वाकडी, बारीक,
पण फुंकर.

"अजून एक?"
तिला हसू आलं, आणि पुढचा सगळा श्वास हसण्यातच गेला.

लाईट आली. गल्ली घुरघुरायला लागली.
नीता म्हणाली, वहीत लिहा ना.
मी तारीख टाकली.
किती सेकंद, ते मोजलंच नव्हतं.
ती जागा तशीच सोडली.

सकाळी सहाला बदक परत पडलं.